तिसऱ्या बेअरिंगचं तेल

राहुरी
१४ जुलै २०२५

प्रिय बन्सीस,

थॉमस त्रिभुवनचा सलाम.

दोन वर्षं पत्र नाही आणि आता लिहितोय ते काम काढूनच. तू म्हणशील, मिस्त्री काही सुधारला नाही. फोन केला असता, पण माझे कान आता पुरते गेले. कारखान्याच्या मिलहाऊसमध्ये छत्तीस वर्षं काढली, त्याचं हे बक्षीस. फोन आला की हन्ना ऐकते आणि मला ओरडून सांगते. त्यामुळे माझी खाजगी गोष्ट आधी गल्लीला कळते, मग मला. म्हणून हे पोस्टाचं पाकीट.

तर इंजिन झालं! आपलं मिलचं जुनं वाफेचं इंजिन भंगारात गेलं तेव्हा तू कारखाना सोडून गेला होतास. मी मात्र गेटवर उभा राहून त्याचे तुकडे ट्रकमध्ये चढताना पाहिले. तेव्हाच ठरवलं होतं की याचं छोटं मॉडेल करायचं. चार वर्षं लागली. सव्वा फूट लांब आहे. सिलिंडर ट्रॅक्टरच्या जुन्या बुशातून कातला. मोठं चाक माझ्या सासूबाईंच्या शिलाई मशीनचं आहे, हन्नाला वाटतं ते घर बदलताना हरवलं. कुकरची शिटी काढून तिथं रबरी नळी बसवली आणि गेल्या रविवारी चर्चहून आल्यावर वाफ सोडली. सतरा मिनिटं चाललं, बन्सी. मला ऐकू येत नाही, पण टेबलावर हात ठेवून बसलो होतो, तेवढं पुरलं.

आता फिनिशिंग, पॉलिश आणि रंग. पहिली दोन कामं माझी, तिसरं तुझं. यंदा कारखान्याचा हीरकमहोत्सव आहे. दोन नोव्हेंबरला गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकतील, तेव्हाच स्टेजवर हे मॉडेल चालवून दाखवायचं आणि मग ते ऑफिसच्या दारात काचेच्या पेटीत राहायचं. रंग हिरवाच हवा. अठ्ठ्याऐंशी साली मोळीच्या दिवसासाठी मोठ्या इंजिनाला तू दिलेला तोच. प्रमुख पाहुण्यांनी त्यात स्वतःची मिशी बघून घेतली होती, आठवतं ना? खाली पितळी पाटीवर दोन नावं कोरणार आहे: घडवलं थॉमस त्रिभुवन, रंगवलं बन्सी रोहोकले.

कधी पाठवू ते कळव.

तुझा,
थॉमस

ता. क. बन्सीभाऊ, चाक कुठं गेलं ते मला पहिल्या दिवसापासून ठावं हाय. मानूस खुशीत हाय म्हनून गप हाय. तुमी रंगाचं लौकर करा. माझा कुकर अडकलाय, डाळ पातेल्यात शिजवती. — हन्ना


पारनेर
२९ जुलै २०२५

थॉमस मिस्त्रींना बन्सी पेंटरचा रामराम.

पत्र मिळालं. तुमच्या हाताला तोड नाही हे मी आजवर शंभर जणांना सांगितलंय, आता एकशे एक झाले. वहिनींना नमस्कार सांगा.

पण मिस्त्री, रंगाचं माझ्याकडून आता होईल असं वाटत नाही. तुम्हाला इथली परिस्थिती माहीत नाही. पारनेरात आता वाढदिवस, लग्न आणि श्रद्धांजली तिन्ही फ्लेक्सवर येतात, कधीकधी एकाच फोटोवर. मी शेवटचा बोर्ड रंगवला तो माझ्याच दुकानाचा, 'गाळा भाड्याने देणे आहे'. अक्षरं सुंदर आली. दुसऱ्याच दिवशी गाळा गेला. त्यानंतर ब्रशला हात नाही. डोळ्याला मोतीबिंदू, हाताला कंप, त्यात श्रावणातली हवा, इनॅमल वाळत नाही आणि वाळलं तर त्यावर धुकं बसल्यासारखं दिसतं.

माझं ऐकाल तर रंगच देऊ नका. असल्या वस्तूला पॉलिशचीच शोभा. आधी दोनशे वीस, मग चारशे, मग आठशे नंबरचा पॉलिश पेपर, रॉकेलमध्ये भिजवून, आणि शेवटी ब्रासो. अगदीच रंग हवा असेल तर राखाडी द्या. त्या इंजिनाचा मूळ रंग राखाडीच होता, वीस-बावीस वर्षं त्यानं राखाडीत काम केलं. हिरवा रंग काय, एका कार्यक्रमापुरता. नगरला पावडर कोटिंगवाले आहेत, ते एका दिवसात करून देतात.

पाटीवर माझं नाव नको. मी त्या कारखान्यात होतो तरी किती दिवस!

आपला,
बन्सी रोहोकले


राहुरी
८ ऑगस्ट २०२५

प्रिय बन्सीस,

सलाम.

तुझं पत्र वाचून हन्ना म्हणाली, "हे नवरीचे नखरे हायेत, ते काय नाही म्हनत नाहीत." मीही तेच समजलो. त्यामुळे मॉडेल परवा एसटीच्या पार्सलनं निघतंय. नगरला गाडी बदलेल, कंडक्टरला सांगून ठेवलंय की आत देव आहे, आपटू नको. नऊ किलो भरलं.

पॉलिश माझ्या परीनं केलंय. कनेक्टिंग रॉडवर तीन आठवडे काढले. तू आठशे नंबर म्हणालास, मी पंधराशेपर्यंत गेलो. हन्ना म्हणते की लग्नात तुम्ही मला एवढ्या वेळा पाहिलं नव्हतं. पॉलिश केलेल्या भागांवर व्हॅसलीन चोपडलंय, रंगाचा शिंतोडा उडाला तरी पुसून निघेल. हे तूच शिकवलं होतंस. हिरवा म्हणजे हिरवाच.

आता एक गंभीर गोष्ट. समारंभात मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. काय बोलायचं ते मी ठरवलंय आणि तुला आधी सांगतो, कारण त्या दिवसाचा तूच एक साक्षीदार उरला आहेस. मी सांगणार आहे की अठ्ठ्याऐंशी साली मोळीच्या दिवशी इंजिन बंद पडलं ते माझ्या चुकीनं. तिसऱ्या बेअरिंगला मी तेल घातलं नव्हतं.

तुला चित्र आठवत असेल. पाहुण्यांनी मोळी टाकली, टाळ्या झाल्या, वीस मिनिटांत तिसऱ्या बेअरिंगमधून धूर, मिल बंद आणि पाहुण्यांची मोळी अर्ध्या वाटेत अडकलेली. मेमोत लिहिलं, 'तेल देण्यात अक्षम्य हयगय'. तेव्हा मी भांडलो होतो की तेल दिलंय. पण साहेब म्हणाले, दिलंय तर बेअरिंग आतून कोरडं कसं? फोरमनची जागा गेली, ते सोड. पण पुढं वीस वर्षं दर मोळीच्या दिवशी मला सकाळीच स्टोअरला पाठवायचे, इंजिनाजवळ नको म्हणून. आणि हळूहळू मलाच वाटायला लागलं की विसरलोच असेन. बन्सी, तेव्हापासून मी घराचं कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जातो आणि ओढून बघायला परत येतो. रोज. सदतीस वर्षं. हन्ना कोपऱ्यावर पिशवी घेऊन उभी राहते.

दर रविवारी आम्ही चर्चमध्ये पापांची कबुली देतो, पण ती सगळी मोघम असते. एक तरी चूक नाव घेऊन कबूल करावी आणि मोकळं व्हावं, असं वाटतं.

तुझा,
थॉमस


पारनेर
२५ ऑगस्ट २०२५

थॉमस मिस्त्रींना रामराम.

पार्सल पोचलं. खोकं उघडलं आणि बायको म्हणाली, "अगंबाई, हे तर पितळंच्या देव्हाऱ्यासारखं हाय." तिला काय सांगू! मी मोठं चाक बोटानं फिरवलं आणि ते दीड मिनिट फिरतच राहिलं. मिस्त्री, मी तुमचं मोठं इंजिन बारा हंगाम पाहिलं. सगळं तसंच आहे. भिंतीकडचं तिसरं बेअरिंगसुद्धा चाकाच्या मागं तसंच लपलेलं. तेलाची चारही भोकं जागच्या जागी.

रंग देतो. पण तुम्ही दोन शब्द बोलायचं जे ठरवलंय, ते बोलू नका. कशाला जुनं उकरता? तेव्हाचे साहेब गेले, पाहुणे गेले, मेमो लिहिणारा टायपिस्टसुद्धा गेला. ऐकणारे सगळे चाळिशीच्या आतले, त्यांना बेअरिंग म्हणजे मोटरसायकलचं. आणि तुम्ही खरंच विसरला होता कशावरून? बेअरिंग दहा कारणांनी जातं. धातूच खराब असेल. तेल खराब असेल. तेल आत गेलंच नसेल. तुम्ही नीट आठवून बघा. तुमचा हात तेल देताना कधी चुकलेला मी पाहिला नाही.

प्रायमरचा पहिला हात दिलाय. चारही भोकांत काडेपेटीच्या काड्या खोचून ठेवल्यात, आत थेंब जाऊ नये म्हणून. पाऊस थांबत नाही, त्यामुळे वेळ लागेल.

आपला,
बन्सी

पाटीवर नाव नको असं लिहिलं होतं, त्याचं काय केलंत?


राहुरी
९ सप्टेंबर २०२५

प्रिय बन्सीस,

सलाम. तुझी काळजी समजली. तुला वाटतं, मी स्टेजवर चुकीची कबुली देणार आणि त्याच पाटीवर तुझं नाव, म्हणजे तुझ्या रंगाला माझा डाग. घाबरू नकोस. मी साफ सांगेन की त्या दिवशी इंजिनात एकच गोष्ट निर्दोष होती, ती म्हणजे बन्सीचा रंग. पाहुण्यांनी विचारलं होतं ना, "रंग कुणी दिलाय?" आणि तुला पुढं ढकललं, तू लाजून खाली बघत होतास. त्याच महिन्यात तू परमनंट झालास. मी चीफ इंजिनिअरच्या मागं चार महिने लागलो होतो, पण खरं काम केलं ते तुझ्या रंगानंच. त्या दिवसात काहीतरी चांगलं झालं याचा मला तेव्हाही आनंद होता.

आठवून बघा म्हणालास, म्हणून आठवलं. मी बुधली घेऊन चाकाच्या मागं हात घातला. तिसरं बेअरिंग दिसत नाही, अंदाजानंच तेल सोडावं लागतं, ते मी रोजच सोडायचो. नंतर साहेबांनी दाखवलं की तेल तुझ्या हिरव्या रंगावरून बाहेरच ओघळलंय, भिंतीपर्यंत. म्हणजे विसरलो नव्हतो, माझा हात चुकला. भोकात न घालता बाहेर ओतलं. नवा रंग होता म्हणून ओघळ स्पष्ट दिसला, नाहीतर तेही कळलं नसतं. त्या अर्थी तुझ्या रंगानंच मला पकडलं म्हण!

काडेपेटीच्या काड्या कधीपासून खोचायला लागलास? तेव्हा तर पाट्याच्या पाट्या लांबीची पुट्टी भरायचास, ओतकामाला एक खड्डा दिसला की बुजव, एक दिसला की बुजव. म्हातारपणी माणूस सावध होतो ते असं.

पाटी कोरून झाली. दोन्ही नावं आहेत.

तुझा,
थॉमस

ता. क. बन्सीभाऊ, ते भाषन आरशासमोर म्हनून बघत्यात. ऐकू येत नाही म्हनून लई मोठ्यानं. गल्लीतल्या बायांना पाठ झालंय. शेजारची सत्यशीला म्हनती, "हन्नामावशी, काकांनी कुनाचा खून केलाय का?" लौकर पाठवा. — हन्ना


पारनेर
१२ ऑक्टोबर २०२५

थॉमस मिस्त्रींना रामराम.

मॉडेल आज पार्सलनं निघालं. सप्टेंबरभर ढगफुटीसारखा पाऊस पडला, त्यामुळे तीन वेळा खरवडून पुन्हा दिला. प्रायमरचे दोन हात, मध्ये चारशे नंबरच्या पेपरनं पाणी मारून घासलं, मग हिरव्याचे चार पातळ हात. कडेनं पिवळी बारीक रेघ मारली आहे, फुटपट्टी न लावता. कंप होता, पण रेघ मारताना राहत नाही, असं दिसलं. व्हॅसलीन मऊ फडक्यानं पुसा, रंगाला नख लावू नका, चार दिवस उन्हात ठेवू नका. उरलेल्या हिरव्याची डबी खोक्यात ठेवली आहे.

आता नीट वाचा. इंजिन चालवायच्या आधी तेल तुम्ही स्वतः द्या. मोठ्या इंजिनाला द्यायचात तसंच, चाकाच्या मागं हात घालून, न बघता. आधी तिसऱ्यालाच द्या. मग तेल कुठं जातं ते बघा. घाई करू नका, जरा विचार करा. आणि काय वाटलं ते मला लगेच लिहा, दोन तारखेच्या आत.

तुम्ही काहीही लिहिलंत तरी मी ऐकून घेईन.

आपला,
बन्सी


राहुरी
२१ ऑक्टोबर २०२५

प्रिय बन्सीस,

सलाम आणि तुला दिवाळीच्या शुभेच्छा.

काय रंग दिलास रे! हन्नानं त्यात बघून पदर सारखा केला. ती पिवळी रेघ बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे कुणाला सांगू नकोस. फ्लेक्सवाल्यांनी जन्म घालवला तरी अशी रेघ यायची नाही.

तू सांगितलंस तसं तेल दिलं. चाकामागं हात घालून, डोळे मिटून, तिसऱ्याला आधी. आणि काय सांगू, सगळं तेल बाहेर! हिरव्या रंगावरून थेट टेबलावर. मी घाबरलो. म्हटलं, थॉमस, तू अजून तोच आहेस. मग चष्मा लावून, बॅटरी धरून बघितलं तर भोकच नाही. तिसऱ्या बेअरिंगचं भोक तू लांबीनं बुजवलंस, घासून गुळगुळीत केलंस आणि वरून रंग मारलास! चांगल्या कामाच्या हौसेत विसरलास वाटतं.

मी खूप हसलो, बन्सी. वाईट वाटून घेऊ नकोस. मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र करून घे. हन्नाच्या गोधडीच्या सुईनं मी लांबी कोरून काढली, तुझ्या डबीतल्या हिरव्याचा थेंब कडेला लावला, आता कुणाच्या बापाला कळणार नाही. कुणाला सांगणारही नाही. 'विचार करा' असं लिहिलं होतंस, म्हणून केलाही. बन्सीसारखा कारागीर, चार काड्या खोचणारा, तो जर तिसऱ्याच भोकापाशी चुकू शकतो, तर मी तेव्हा चुकलो यात नवल ते काय? चूक माणसाकडून अशीच, चांगल्या मनानं होते. माझ्या मनात थोडी शंका होती ती तू घालवलीस. आता मी स्टेजवर अगदी हलक्या मनानं सांगेन की चूक माझी होती.

तुझे उपकार आहेत.

थॉमस


पारनेर
२८ ऑक्टोबर २०२५

मिस्त्री,

हे स्पीड पोस्टानं पाठवतोय. फोन करणार होतो, दोनदा नंबर लावला, दोन्हीदा वहिनींचा आवाज आला आणि मी ठेवून दिला. ही गोष्ट वहिनींनी तुम्हाला गल्लीत ओरडून सांगावी अशी नाही.

ते भोक मी चुकून बुजवलं नाही. मुद्दाम बुजवलं. मला वाटलं, तेल बाहेर ओघळलेलं बघून तुम्हाला त्या दिवसाचं सगळं कळेल आणि मला लिहावं लागणार नाही. मी एवढं गुळगुळीत केलं आणि तुम्ही मला माफ करून मोकळे झालात. तेही भलत्याच गोष्टीसाठी.

आता लिहितो. अठ्ठ्याऐंशी साली मोठ्या इंजिनाचं तिसरं भोक मीच बुजवलं होतं. साहेबांनी सांगितलं होतं की पाहुण्यांचं तोंड दिसलं पाहिजे. मी ओतकामाचा प्रत्येक खड्डा लांबीनं भरत गेलो. चाकामागं अंधार होता, हाताला खड्डा लागला, भरला. तेलाचं भोक आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तुम्ही तेल दिलं होतं. बरोबर त्याच जागी दिलं होतं. जायला वाट नव्हती, म्हणून बाहेर आलं. तुमचा हात चुकला नव्हता, मिस्त्री.

दुसऱ्या दिवशी मला ओघळ पुसून पुन्हा रंग द्यायला पाठवलं. तेव्हा बोटानं चाचपलं आणि कळलं. खिळा घेतला, लांबी टोकरून काढली, खिशात घातली आणि घरी आलो. आठ दिवसांत परमनंटची ऑर्डर आली. तुम्हीच पेढे वाटलेत. तेव्हा बोललो असतो तर ऑर्डर गेली असती, पुढच्या वर्षी बोलू म्हटलं, मग तुम्हीच म्हणायला लागलात की विसरलो असेन. तुम्ही असं म्हणायला लागलात तेव्हा मला बरं वाटलं. हे सगळ्यात वाईट. लोक म्हणतात मी धंदा काढायला कारखाना सोडला. मी तुमच्या समोरून रोज जाणं टाळायला सोडला.

कुलपाचं तुम्ही लिहिलंत, ते मला माहीत नव्हतं. ते वाचल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

स्टेजवर माझं नाव घेऊन सांगा. मी येत नाही, यायची हिंमत नाही. पण नाव घ्या.

बन्सी


राहुरी
४ नोव्हेंबर २०२५

बन्सीस,

पत्र शनिवारी दुपारी मिळालं. तीनदा वाचलं. मग स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मॉडेलचा तुझा रंग खरवडायला बसलो. हन्नानं अडवलं नाही, तिनंही पत्र वाचलं होतं. ती एवढंच म्हणाली, "सदतीस वर्षं मी कोपऱ्यावर उभी ऱ्हायली, ती या मानसापायी व्हय?" आणि आत निघून गेली. अर्धा तास खरवडलं, पण तुझा रंग निघेना. चार ओरखडे आले, बस. रंग तू फार चांगला दिलास, त्याचाही मला राग आला. माझी फोरमनची जागा गेली त्याचं दुःख मी कधीच विसरलो होतो. पण माझ्या हातावरचा माझा विश्वास तू खिशात घालून नेलास आणि मी पेढे वाटले!

तरी रविवारी गेलो. भाषण खिशात होतं, जुनं खोडून नवं लिहिलं होतं, त्यात तुझं नाव होतं. आता ऐक. पाहुणे अडीच तास उशिरा आले. मग वेळ नाही म्हणून सत्कारमूर्तींचे दोन शब्द रद्द झाले. मला शाल दिली, नारळ दिला, सूत्रसंचालन करणाऱ्यानं काहीतरी म्हटलं आणि सगळे हसले. हन्नानं खुणेनं सांगितलं की तुमचं नाव चुकीचं घेतलं. म्हणजे बन्सी, ना माझी चूक कुणाला कळली, ना तुझी. आपण दोघं तीन महिने जिच्यासाठी मरत होतो ती गोष्ट ऐकायला तिथं कुणी आलंच नव्हतं.

मॉडेल मात्र चाललं. तिसऱ्याला मी न बघता तेल दिलं, पहिल्याच झटक्यात भोकात गेलं. टेबलावर हात ठेवून उभा होतो. पाहुणे खाली वाकले, त्यांनी हिरव्या रंगात आपला फेटा सारखा केला आणि काहीतरी विचारलं. हन्नानं माझ्या तळहातावर बोटानं लिहून सांगितलं: रंग कुणी दिलाय?

खिशातला कागद काढायची तीच वेळ होती. मी म्हणालो, "त्या वेळी ज्यानं दिला होता, त्यानंच." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते त्यांना माहीत नाही.

माफ केलं असं मला अजून लिहवत नाही. लिहिलं तर ते खोटं होईल, आणि खोटं तुला पुष्कळ झालंय.

पण एक सांगतो. रविवारी सकाळी घरातून निघालो, कुलूप लावलं आणि कोपऱ्यावर आलो. हन्ना सवयीनं थांबली, पिशवी खाली ठेवली. मी थांबलो नाही, थेट स्टँडवर गेलो. ती पळत मागून आली आणि एसटीत बसेपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत होती. कुणी तरी माझी पाठ थोपटावी असं मला वाटत होतं. माझा हात चुकत नाही, तुझ्याच अक्षरात लेखी आलंय.

संध्याकाळी परत आलो तर कुलूप कडीला उघडंच लोंबत होतं. कुलपाची दांडी खाली दाबायची विसरलो होतो.

चोरी काही झाली नाही. मांजर सगळं दूध पिऊन गेलं होतं. हन्ना उंबऱ्यावर बसली आणि हसायला लागली. ऐकू येत नव्हतं, पण तिचे खांदे हलताना दिसत होते. मग मीही बसलो. सदतीस वर्षांनी ही एक चूक मी केली, ती माझी स्वतःची आहे, तिच्यावर तुझा काही हक्क नाही.

नाताळला ये. तू पाठवलेली हिरवी डबी माझ्या ओरखड्यांना पुरणार नाही, नवी बनवून आण. ब्रश घेऊन ये, पेपर घेऊन ये.

लांबी आणू नकोस.

थॉमस